बघून लिहायची परवानगी

लातुरात मी अठरा वर्षं एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवलं. या अठरा वर्षांत माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले शब्द गणिताचे नव्हते. ते होते, ‘वह्या मिटा.’ सूत्र दहा वेळा लिहायचं, मग वही मिटून अकराव्यांदा लिहायचं. चुकलं की पुन्हा दहा वेळा. आमच्याकडे यालाच अभ्यास म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, याच अभ्यासावर आमची कितीतरी पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली. चाचणी चालू असताना कुणाची नजर नुसती वहीकडे वळली तरी माझं डोकं फिरायचं. माझा राग लातूरच्या उन्हासारखा आहे असं बायको म्हणते. सकाळी आठला चढतो आणि सहा वाजेपर्यंत उतरायचं नाव घेत नाही.

मग एका जूनमध्ये क्लासच्या मालकांनी मला बोलावून चहा पाजला, शाल-श्रीफळ दिलं आणि सांगितलं की आता गणित मोठ्या पडद्यावरून शिकवलं जाईल. माझं वय पंचेचाळीस. घर चालायची काळजी नव्हती, कारण बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. काळजी होती ती माझीच. दुपारी एक वाजता घरात बसलेल्या माणसानं काय करायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या डब्यांची मांडणी कशी चुकली आहे ते बायकोला समजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती हात जोडून म्हणाली, “काहीतरी शिका हो तुमी. न्हाईतर मलाच शिकवत बसाल.”

असेच दोन-तीन महिने गेले आणि शिक्षक दिन आला. त्या दिवशी न चुकता फोन करणाऱ्या माझ्या मोजक्या विद्यार्थ्यांत एक मुलगी होती. मूळची किनवट तालुक्यातल्या जंगलातल्या एका गावची, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. दोन वर्षं लातूरला माझ्या वर्गात होती, मग नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं. आता नांदेडला तिचं स्वतःचं छोटं ऑफिस होतं आणि ती शाळांच्या, दवाखान्यांच्या, दुकानांच्या वेबसाइट बनवायची. मी सहज विचारलं, हे शिकायला काय काय लागतं? आधी ती हसली. मग मी खरंच विचारतोय हे लक्षात आल्यावर गंभीर झाली आणि संध्याकाळी तिनं मला एक यादी पाठवली.

त्या यादीत कोड लिहायचा एक फुकट एडिटर होता. वेबपान बांधायच्या प्रत्येक खुणेची, म्हणजे टॅगची, साद्यंत माहिती देणारी एक संदर्भाची साइट होती, सरावाची उदाहरणं देणारी दुसरी, आणि जगभरचे लोक आपापल्या अडचणी विचारतात आणि अनोळखी माणसं उत्तरं देतात अशी तिसरी. शेवटी लिहिलं होतं, ‘सर, सगळं फुकट आहे. रोज काहीतरी बनवून बघा. पाठ करू नका.’

शेवटचं वाक्य माझ्यासाठी नसणार असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी सहा वह्या आणल्या. खाकी कव्हरं घातली, पहिल्या पानावर श्री लिहिला आणि एचटीएमएल या वेबपानाच्या भाषेतला पहिला टॅग दहा वेळा लिहून काढला. लॅपटॉपवर धूळ बसते म्हणून तो पिशवीतच ठेवायचो. रंगांची इंग्रजी नावं शेकड्यानं आहेत, तीसुद्धा मी पाठ केली. बायको पोळ्या लाटता लाटता माझी तोंडी परीक्षा घ्यायची. एका हातात वही, दुसऱ्यात लाटणं. चुकलो की लाटणं ओट्यावर आपटायची आणि वर म्हणायची, “सर रागावले बरं का.”

पानाची सजावट सांगणाऱ्या सीएसएसमध्ये एखाद्या चौकटीभोवती चारी बाजूंना किती जागा सोडायची ते सांगायचा एक क्रम असतो. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. तो ध्यानात राहावा म्हणून मी देवळातली प्रदक्षिणा धरली. पण आम्ही पडलो महादेवाची माणसं. महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत, पाणी वाहून जायच्या पन्हळीपाशी थांबून मागं फिरतात. त्यामुळं कितीतरी दिवस माझी डावी बाजू राहूनच जायची. बायकोनं दोन-चारदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग मारुतीला घाला की.” तेव्हापासून चुकलं नाही.

सहा महिन्यांत सहा वह्या भरल्या. मी नांदेडला फोन लावला आणि म्हणालो, “अभ्यास पूर्ण झालाय, काही काम असलं तर सांग.” ती म्हणाली, “सर, या तुमी. आमाला एक माणूस पाहिजेच हाय. दोन दिवस एक काम करून बघा. जमलं तर सोमवारपासून बसा आमच्यासंगं. न्हाई जमलं तर तसं मी स्पष्ट सांगीन, चालंल ना?” मी मोठ्या दिमाखात चालेल म्हणालो. फोन ठेवला आणि लगेच पहिली वही पुन्हा उघडली. मला त्या खुर्चीची फार गरज होती. सकाळी कुठंतरी जायचं, तिथं कुणीतरी आपली वाट बघत असायचं, आपल्यावाचून काहीतरी अडायचं, हे सगळं मला परत हवं होतं. ही खुर्ची हुकली असती तर पंचेचाळिसाव्या वर्षी मला दुसरी कुणी दिली नसती.

अहमदपूर-लोहा करत एसटी नांदेडला पोचली. तिचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. एक खोली, चार टेबलं, भिंतीवर एक फळा, दोन तरुण सहकारी आणि पाण्याचा माठ. मी आत गेलो तशी ती उठून उभी राहिली, वाकून पाया पडली आणि सहकाऱ्यांना म्हणाली, “हे आमचे सर.” मला उगाचच उंच झाल्यासारखं वाटलं.

काम असं होतं. किनवटकडच्या एका वसतिगृहाला प्रवेशाचा फॉर्म वेबवर हवा होता. मुलाचं नाव, जन्मतारीख, गाव, पालकांचा मोबाइल नंबर, एवढंच. ती म्हणाली, “सर, निवांत करा. नेट हाय, संदर्भाची साइट हाय, आमाला विचारलं तरी चालतंय. काहीपण बघा, कुठूनपण बघा.”

आता ती खोलीत असताना, दोन पोरं पाठीमागं बसलेली असताना, मी बघून लिहीन का? मी लॅपटॉपचं इंटरनेट बंद केलं. वह्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढल्या नाहीत. एवढ्यानं भागेना म्हणून टेबल भिंतीकडं सरकवलं, म्हणजे माझ्या पडद्यावर दुसरं काही नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं. चार तास मी मान वर केली नाही. एका पोरानं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. फॉर्म तयार झाला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर तो इतका देखणा दिसत होता की बायकोला फोटो काढून पाठवावासा वाटला.

ती आली. तिच्या हातात काच तडकलेला एक जुना मोबाइल होता. म्हणाली, “आमच्याकडच्या मायबापांपाशी असलेच फोन असतात सर, म्हणून मी सगळं ह्याच्यावरच तपासते.” तिनं केबल लावून माझा फॉर्म त्यावर घेतला, उघडला आणि माझ्यासमोर धरला. अक्षरं मुंगीएवढी झाली होती. नाव कुठं लिहायचं हेही दिसत नव्हतं.

वेबपानाच्या डोक्यावर एक ओळ लिहावी लागते. पडदा जेवढा रुंद असेल तेवढंच रुंद हो, असं ती ओळ पानाला सांगते. ती नसली की मोबाइल पानाला लॅपटॉपचं समजून अख्खं आक्रसून दाखवतो. माझ्या तिसऱ्या वहीत ती ओळ दहा वेळा लिहिलेली होती. शेकडो रंगांची नावं तोंडपाठ असलेल्या मला ती नेमकी आठवली नव्हती.

“उद्यापर्यंत आठवेल मला,” मी म्हणालो.

“आठवायचं कशाला सर? बघा की. अर्ध्या मिनिटाचं काम हाय.”

“मी कॉपी करत नाही.” माझा आवाज चढला. “आयुष्यात केली नाही आणि करूही दिली नाही.”

मागची दोन्ही पोरं टाइप करायची थांबली. तिनं त्यांना खाली जाऊन चहा घेऊन यायला सांगितलं. मग माठातलं पाणी तांब्यात भरता भरता, हसतच तिनं विचारलं, “सर, तुमी मला एकदा वर्गाबाहेर उभं केलतं, आठवतं का?”

मला आठवत नव्हतं. मी एवढ्या पोरांना बाहेर उभं केलं होतं.

“कोसाइनचं, दोन कोनांच्या बेरजेचं सूत्र होतं. पाठ होतं मला. मधी अधिक येतं का वजा, एवढंच बघायला वही जराशी उघडली. तुमी वही हिसकून घेतली आन् सगळ्यांसमोर म्हणालात, वसतिगृहातून आलेल्या पोरी, दुसरं काय शिकून येणार.” तिनं पाण्याचा पेला माझ्यापुढं ठेवला. “त्याच्यानंतर दोन वर्षं मी तुमाला एकपण डाउट विचारला न्हाई सर. आन् पयली नोकरी लागली तवा मागून कुणी आलं की मी संदर्भाचं पान झटकन बंद करायची. सगळे बघूनच करून राहिले होते, पण मला वाटायचं, तुमी येऊन उभे राहाल.”

ती हे रागानं बोलत नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती मला धीर द्यायला बोलत होती. चूक तुमची नाही, आपल्या दोघांनाही तशीच सवय लागली, असं तिला म्हणायचं असावं. मी पेला तसाच ठेवला आणि उद्या येतो म्हणून उठलो.

लॉजवर आल्यावर संध्याकाळी मी बायकोला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ती शेवटी म्हणाली, “असं बोलला होता तुमी?” मी म्हणालो, “बोललो असणार. तिनं कशाला खोटं सांगावं?” बायको म्हणाली, “मापी मागा उद्या. आन् ती ओळ बघून लिहा गुमान. लाज बघण्याची नसती हो, तुमी बोललात त्याची असती.” मग तिचं तिलाच जड झालं असावं, कारण लगेच म्हणाली, “जेवला का? पी हळद आन् हो गोरी असं होत नसतंय, शिकायला टाइम लागतो.”

सकाळी मी ऑफिसात गेलो आणि दारातच बोलायला लागलो. तिनं हात वर करून मला थांबवलं. “आधी काम, सर.” कधीकाळी मी वर्गात जसं म्हणायचो तसंच. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

तिनं माझं टेबल भिंतीपासून पुन्हा मोकळं केलं, शेजारी खुर्ची घेतली आणि इंटरनेट चालू केलं. मग तिनं मला एक गोष्ट दाखवली. ती सहा वह्यांत कुठंच नव्हती, कारण मी त्या वह्या भरताना लॅपटॉप पिशवीत ठेवला होता. कुठल्याही वेबसाइटवर उजवं बटण दाबायचं आणि तपासायचा पर्याय निवडायचा. त्याबरोबर ती साइट पानाखालचं आपलं सगळं कोड उघडून दाखवते. कुणी शीर्षक कसं मांडलं, कुणी चौकट कशी आखली, सगळं. तिथंच पडदा मोबाइलएवढा करून बघायचं बटणही होतं. मी दहा-बारा साइट अशा उघडून बघितल्या. मोठमोठ्या कंपन्यांनी आपले पेपर जगापुढं असे उघडे टाकलेत आणि कुणी कुणाला बाहेर उभं करत नाही, हे मला काही केल्या पटेना.

“चोरी नाही का ही?” मी विचारलं.

“उचलून तसंच चिकटवलं तर चोरी सर. कसं केलंय ते समजून घ्यायला बघितलं तर अभ्यास.”

ती विसरलेली ओळ मी संदर्भाच्या साइटवर शोधली आणि बघून लिहिली. लिहिताना मान आपोआप दाराकडं वळली. पण नंतर मी ते पान बंद केलं नाही. त्या ओळीखाली ती का लागते, कधी लागत नाही, आधी लोक काय करायचे, हे सगळं सविस्तर लिहिलेलं होतं, आणि सावकाश वाचणं ही तर माझी जन्माची सवय. तरुण पोरं वरची दोन वाक्यं वाचून पळतात. मी तळाच्या टिपांपर्यंत गेलो. मग दुसरं पान, मग तिसरं. दुपारचं जेवण करायचंही ध्यानात राहिलं नाही. कितीतरी वर्षांनी मी परीक्षेसाठी नसलेलं काहीतरी वाचत होतो आणि मला फार सुख होत होतं.

दुपारी मागच्या एका पोरानं तिला सांगितलं की आधीच्या एका शाळेच्या फॉर्ममध्ये काही पालकांचे मोबाइल नंबर रिकामेच येऊन राहिलेत, कारण सापडत नाही. मी नुकतंच आकड्यांच्या रकान्याचं पान वाचलं होतं. तो रकाना फक्त इंग्रजी आकडे घेतो. माझ्या बायकोच्या फोनवर मराठी कीबोर्ड आहे आणि ती नंबर मराठी आकड्यांत लिहिते, हे मला ठाऊक होतं. त्या पालकांचंही तेच होत असणार. मग मी यादीतल्या त्या तिसऱ्या, प्रश्नोत्तरांच्या साइटवर गेलो. तिथं कुण्या परदेशी माणसाला त्याच्या भाषेतल्या आकड्यांनी हाच त्रास दिला होता. इंग्रजी येत नाही याची आधी माफी मागून त्यानं अडचण विचारली होती, आणि तिघा अनोळखी माणसांनी त्याला न हसता उत्तर दिलं होतं. रकाना साध्या अक्षरांचा ठेवा आणि आकडे मागून बदलून घ्या. मी ते समजून घेतलं, आमच्या आकड्यांसाठी नव्यानं लिहिलं, त्या शाळेच्या आणि माझ्या, दोन्ही फॉर्ममध्ये घातलं आणि माझ्याच फोनवरून मराठी आकड्यांत नंबर भरून पाहिला. तो व्यवस्थित पोचला.

त्या माणसाचं मला फार वाटत राहिलं. त्यानं विचारायची हिंमत केली म्हणून माझं काम झालं. माझ्या वर्गात त्यानं हात वर केला असता तर मी त्याला काय बोललो असतो, कुणास ठाऊक.

पाच वाजता तिनं तडकलेल्या मोबाइलवर फॉर्म उघडला. अक्षरं मोठी, स्वच्छ. तिनं मराठीत नंबर भरला, मग इंग्रजीत भरला. दोन्ही पोरांना बोलावून दाखवलं. मग म्हणाली, “सर, सोमवारी दहाला या. उशीर करायचा न्हाई.”

ज्या खुर्चीसाठी मी जीव टाकत होतो ती मिळाली होती. पण मला बसवेना. मी उभाच राहिलो आणि त्या दोन पोरांसमोरच बोललो, कारण ते वाक्यही मी चारचौघांत बोललो होतो. “मी तुला वसतिगृहावरून बोललो. ते वाक्य मला आठवत नाही आणि तू इतकी वर्षं विसरली नाहीस, हे फार वाईट आहे. माझं चुकलं. मला माफ कर.”

ती खाली बघत होती. ओढणीनं मोबाइलची तडकलेली काच उगाच पुसत होती. मग डोळे पुसून तिनं माझ्याकडं पाहिलं. “सर, एक डाउट विचारू का?”

“विचार की.”

“ते दोन कोनांचं सूत्र. त्याच्यात वजा येतं, ते पाठ झालं माझं त्याच दिवशी. पण येतं कुठून ते? वजाच का येतं?”

पाठ्यपुस्तकात त्याची सिद्धता होती. ती परीक्षेला येत नाही, म्हणून ते पान मी दर वर्षी पोरांना सोडून द्यायला लावायचो. अठरा वर्षांत ते मी स्वतःही एकदा उघडलं नव्हतं. मी फळ्याकडं वळलो, एक वर्तुळ काढलं, दोन कोन काढले. पुढची रेघ कुठून कुठं ओढायची ते मला येईना.

मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, “मला बघावं लागेल.”

“मग बघू,” ती म्हणाली, आणि दोघांसाठी खुर्च्या ओढल्या.